खंडेनवमीला हार घातला, पण ट्रॅक्टर सुरू होईना

खंडेनवमीला ट्रॅक्टर धुतला, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी पेरणीला काढायला गेलो तर सेल्फ नुसता फिरतोय, इंजिन काही धरत नाही. पावसाळाभर कडुलिंबाखाली ताडपत्रीत उभ्या राहिलेल्या जुन्या ट्रॅक्टरचं हे दरवर्षीचं. तिकडे कोरडवाहू हरभऱ्याची ओल उडून चाललेली असते आणि मिस्त्री चार गावांत अडकलेला असतो. त्याला फोन जरूर करा, पण तो येईपर्यंत अर्धा तास स्वतः पाने घेऊन बसा. अशा वेळचे बहुतेक बिघाड डिझेलच्या टाकीपासून इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपापर्यंतच्या हातभर वाटेतच असतात.

सगळ्यात आधी स्टॉपची, म्हणजे इंजिन बंद करायला ओढतो ती दांडी बघा. हसू नका. दोन महिने ओढलेल्या अवस्थेत राहिली की आतली तार गंजते, मूठ आत ढकलली तरी पंपावरचा काटा ‘बंद’वरच राहतो. पंपाजवळ जाऊन तो काटा हाताने हलवून बघा.

सेल्फ फिरतच नसेल, नुसता ‘टक्’ वाजत असेल, तर बॅटरी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह काढा, खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा, घासा, पुन्हा घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. बॅटरीतून चेसीवर येणारी अर्थची पट्टी बहुतेक जण विसरतात. तिच्याखालचा रंग-गंज खरवडून काढा. मीटर असेल तर इंजिन बंद असताना बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२ च्या खाली असेल तर सेल्फ मारत बसू नका, आधी चार्जिंगला लावा. आणि वायरिंगवरून एकदा हात फिरवा, पावसाळ्यात उंदरांनी कुठे ना कुठे कुरतडलेलं असतंच.

सेल्फ जोरात फिरतोय पण सायलेन्सरमधून धुराचा ठिपकाही नाही, म्हणजे डिझेल नोझलपर्यंत, इंजिनात ते फवारणाऱ्या तोंडापर्यंत, पोचतच नाही. फिल्टरच्या वाटीखालचा स्क्रू सोडून थोडं डिझेल काचेच्या बरणीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर ते तळाला बसतं, मध्ये स्वच्छ रेघ दिसते. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी होऊन डिझेलखाली साठतं. टाकीच्या तळाचं डिझेल-पाणी काढून टाका, फिल्टर बदला. पंपात पाणी गेलं तर पुढचा खर्च फिल्टरच्या कितीतरी पट.

मग एअर काढायची, म्हणजे डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा. टाकीचा कॉक पूर्ण उघडा. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करून फीड पंपाची (टाकीतलं डिझेल पुढे ढकलणारा छोटा पंप) दांडी हाताने मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. तसंच दुसऱ्या फिल्टरवर, तसंच मोठ्या पंपावर. शेवटी नोझलकडच्या पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, डिझेल उसळलं की आवळा. या नटांजवळ बोट धरू नका. तिथल्या दाबाचा फवारा कातडीत घुसतो आणि मग थेट दवाखाना.

एअर काढली, चालू झाला आणि तासाभरात पुन्हा बंद? तर कुठूनतरी हवा ओढतोय. टाकी भरलेली असताना ज्या जोडातून डिझेल पाझरतं, टाकी खाली गेली की तिथूनच हवा आत जाते. बहुधा तांब्याचा वायसर. नवा नसेल तर जुनाच लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवा, मऊ होतो आणि पुन्हा बसतो.

आमच्या ट्रॅक्टरने एका वर्षी मात्र पार वेड लावलं होतं. चालू व्हायचा, दोन तास चालायचा आणि मरायचा. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू. फिल्टर बदलले, एअर तीनदा काढली, पंप उतरवायचं ठरलं. त्या दिवशी डिझेल ओतायला टाकीचं झाकण फिरवलं तर ‘सूंऽऽ’ करून हवा आत गेली. झाकणाच्या बारीक भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं! हवा आत जायला वाट नाही, मग डिझेल तरी बाहेर कसं येणार? एका काडीने काम झालं.

चालू झाल्यावर धूर बघा. काळा म्हणजे हवा कमी: सोयाबीन मळणीचा भुसा आणि धूळ बसून ऑइल बाथच्या, म्हणजे हवा गाळणाऱ्या ऑइलच्या वाटीत चिखल झालेला असतो. वाटी धुऊन नवं ऑइल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलं तर इंजिन तेच ऑइल ओढतं. निळा म्हणजे ऑइल जळतंय, बहुधा पिस्टनच्या रिंगा गेल्यात. ते काम उन्हाळ्यावर ढकलता येईल. सकाळच्या गारव्यात थोडा वेळ पांढरा चालेल, गरम झाल्यावरही थांबत नसेल तर चालणार नाही.

दोन गोष्टी करू नका. हवेच्या पाइपाला पेट्रोलचा बोळा लावू नका. चालू होतो खरा, पण त्या ठोक्याने पिस्टन-रिंगांचं वाटोळं होतं. आणि खाली उभं राहून स्क्रू ड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करू नका. गिअर पडलेला असेल तर मागचं चाक सरळ तुमच्या अंगावर येतं.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांवर मारायचा नाही, मध्ये मिनिटभर थांबायचं. त्याआधी इंजिन ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी मात्र काढून बघाच. ऑइल दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय. पातळी वाढलेली, ऑइल पातळ आणि डिझेलचा वास, म्हणजे फीड पंपातून किंवा पंपाच्या सीलमधून डिझेल इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतंय. अशा वेळी सेल्फला हात लावू नका. मिस्त्री येईपर्यंत शेजारच्याचा ट्रॅक्टर भाड्याने घेऊन हरभरा पेरून टाका.