हलक्या गाड्यांच्या ट्रेड शोला पहिल्यांदा जाताय? मग आधी घरी बसून थोडी आकडेमोड करा

पहिल्या शोहून परत आले तेव्हा माझ्याकडे चार पिशव्या ब्रोशर होते, बावीस व्हिजिटिंग कार्डं, तीन कॅप आणि सायकलची एक फुकटची घंटी. सोमवारी मॅनेजरने विचारलं, मग काय, पुढच्या वर्षी कुठली स्कूटर घ्यायची आपण? आणि माझ्याकडे उत्तरच नव्हतं. दोन दिवस पाय तुटेपर्यंत फिरले होते, सगळं बघितलं होतं, पण नक्की काय बघायला गेले होते तेच ठरवलेलं नव्हतं.

मी भाड्याच्या ई-स्कूटरच्या फ्लीटमध्ये मेंटेनन्स बघायचे, त्यामुळे इथलं बरंचसं त्याच चष्म्यातून लिहिलंय. तुम्ही डिझाइनवाले असाल किंवा नोकरी शोधायला जात असाल तर तुमचे प्रश्न वेगळे असतील, पण तयारी साधारण हीच.

आधी हे बघा की शो नक्की कशाचा आहे. मायक्रोमोबिलिटी हा शब्द फार पसरट आहे. इंटरनॅशनल ट्रान्सपोर्ट फोरमने २०२० च्या अहवालात जी व्याख्या धरली त्यात ३५० किलोपर्यंत वजनाची आणि ताशी ४५ किमीपर्यंत डिझाइन स्पीडची सगळी वाहनं बसतात, म्हणजे उभ्याने चालवायच्या स्कूटरपासून कार्गो बाइकपर्यंत बरंच काही. त्यात प्रत्येक शोचा पिंड वेगळा. युरोबाइक १९९१ ला फ्रीड्रिक्सहाफेनला सुरू झाला आणि २०२२ पासून फ्रँकफर्टला भरतो, मूळ सायकलवाल्यांचा. मिलानचा ऐक्मा १९१४ पासूनचा, तिथे मोटरसायकलचं राज्य. तैपेई सायकलला पार्ट बनवणारे भेटतात, म्हणजे मोटर, ब्रेक, फ्रेम, हब. तयार गाडी शोधणारा माणूस पार्टवाल्यांच्या हॉलमध्ये फिरला तर दिवस वाया, आणि उलटंही तेवढंच खरं. एक्झिबिटर लिस्ट आणि फ्लोअर प्लॅन बहुतेक वेळा आधीच वेबसाइटवर येतात, ते उघडून बसा, शंभर नावांतून पंधरा निवडा आणि ती पंधरा हॉलनुसार लावा. हॉल नंबर एक ते हॉल नंबर बारा असं दिवसातून चार वेळा चालल्यावर मग कळतं हे का सांगतेय ते.

आता खरा अभ्यास, डेटाशीट. निवडलेल्या पंधरा कंपन्यांच्या डेटाशीट, म्हणजे गाडीच्या तांत्रिक आकड्यांचे कागद, आधीच डाउनलोड करा आणि रेंजचा आकडा स्वतः तपासा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॅट-अवर. ४८ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ४८० वॅट-अवर. रेंज ४० किमी लिहिली असेल तर किलोमीटरला १२ वॅट-अवर पडले, उभ्या स्कूटरला हे पटण्यासारखं आहे. त्याच बॅटरीवर ८० किमी लिहिलं असेल तर किलोमीटरला ६ पडतात, म्हणजे बहुतेक हलका माणूस, सपाट रस्ता, कमी स्पीड आणि वारासुद्धा पाठीमागून! अशा वेळी स्टॉलवर शांतपणे विचारायचं, किती किलोचा रायडर धरला होता, स्पीड किती, बॅटरी किती टक्क्यांपर्यंत उतरवली. उत्तर लगेच आलं तर समोरच्याने खरंच टेस्ट केलीय. ‘आमच्या टीमला विचारून सांगतो’ आलं तर वहीत त्या नावापुढे फुली मारा आणि पुढे चला. ई-सायकलला मात्र हे गणित जसंच्या तसं लावू नका हं, तिथे अर्धं काम पाय करतात.

मोटरच्या वॅटचंही तेच. कंटिन्युअस रेटेड पॉवर (मोटर सतत देऊ शकते ती) वेगळी आणि पीक पॉवर (थोड्या वेळापुरती) वेगळी, ब्रोशरवर जो मोठा आकडा छापलेला असतो तो बहुतेकदा पीक असतो. युरोपात ई-सायकलसाठी ईएन १५१९४ हे स्टँडर्ड आहे, त्यात २५० वॅट हा कंटिन्युअस रेटेड आकडा आहे आणि ताशी २५ किमीला मोटरची मदत बंद व्हावीच लागते. ४५ पर्यंत मदत देणारी स्पीड पेडेलेक दिसायला अगदी तशीच, त्याच स्टॉलवर शेजारी उभी, पण कायद्याने ती मोपेडच्या एल१ई-बी वर्गात जाते, म्हणजे टाइप अप्रूव्हल (मॉडेलला सरकारी मंजुरी) आलं, नंबर प्लेट आली. हा फरक माहीत नसला की समोरचा माणूस दोन मिनिटांत ओळखतो की तुम्ही नवीन आहात, आणि मग तो तुमच्याशी ब्रोशरच्या भाषेत बोलायला लागतो.

सर्टिफिकेटबद्दल जरा जास्त लिहिते कारण इथे मी स्वतः फसलेय. ‘स्टँडर्डनुसार डिझाइन केलंय’ आणि ‘सर्टिफाइड आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. शिवाय बॅटरीतला एकेक सेल सर्टिफाइड असणं, बॅटरी पॅक असणं आणि पूर्ण गाडी असणं या तीन वेगळ्या गोष्टी. यूएल ही अमेरिकेतली सुरक्षेची स्टँडर्ड काढणारी संस्था, तिचं यूएल २२७१ पॅकसाठी, यूएल २२७२ स्कूटरसारख्या वाहनाच्या पूर्ण इलेक्ट्रिकल सिस्टिमसाठी, यूएल २८४९ ई-सायकलच्या. न्यूयॉर्क शहरात बॅटरीच्या आगी वाढल्यावर सप्टेंबर २०२३ पासून ही सर्टिफिकेशन नसलेल्या गाड्या विकायला किंवा भाड्याने द्यायला बंदी आली, तेव्हापासून हे नंबर प्रत्येक स्टॉलच्या बॅनरवर दिसतात. बॅनरवर विश्वास ठेवू नका, रिपोर्ट मागा आणि त्यातला मॉडेल नंबर समोरच्या गाडीच्या प्लेटवरच्या नंबरशी जुळतो का ते बघा. आमच्या वेळी जुळत नव्हता, रिपोर्ट जुन्या मॉडेलचा होता, आणि हे आम्हाला माल आल्यावर कळलं. कुणाचं नाव घेत नाही, चूक अर्धी आमचीच होती, बघितलंच नव्हतं कुणी. यूएन ३८.३ चा टेस्ट रिपोर्टपण विचारा, तो नसेल तर लिथियम बॅटरी पाठवायच्या वेळी ट्रान्सपोर्टवालेच अडवतात.

मेंटेनन्सवाल्यांनी विचारायचे प्रश्न कंटाळवाणे असतात आणि तेच सगळ्यात कामाचे असतात. पंक्चर काढायला चाक किती वेळात उतरतं? कंट्रोलर बदलायला पूर्ण डेक उघडायला लागतो का? ब्रेक लिव्हर बाजारात मिळणारा चालतो की फक्त तुमचाच? मॉडेल बंद झाल्यावर स्पेअर किती वर्षं देणार आणि ते लेखी देणार का? मिनिमम ऑर्डर किती, लीड टाइम (ऑर्डरपासून माल येईपर्यंतचा वेळ) किती? फ्लीटवाले असाल तर सॉफ्टवेअरचंही विचारा, जीबीएफएस फीड (कुठे किती गाड्या मोकळ्या आहेत ते ॲपना सांगणारा ठरलेल्या साच्यातला डेटा) निघतो का, शहराने एमडीएस (शहराला फ्लीटची माहिती द्यायचा साचा) मागितलं तर डेटा देता येतो का. आणि हे सेल्सवाल्याला नको, स्टॉलच्या मागच्या बाजूला जो माणूस हातात ॲलन की घेऊन काहीतरी घट्ट करत असतो ना, त्याला विचारा, तो खरं सांगतो. एकाने मला आपणहून दाखवलं होतं की त्यांच्या फोल्डिंगच्या बिजागरीत कुठे प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो. सेल्सवाला तेव्हा कॉफी आणायला गेला होता.

टेस्ट राइड सोडू नका. बंद बोटांचे सपाट बूट घाला, स्वतःचं हेल्मेट असेल तर न्या, काही ठिकाणी लायसन्स किंवा आयडी बघतात आणि सहीचा फॉर्म भरून घेतात. पहिल्या दिवशी सकाळी ट्रॅक रिकामा असतो, दुपारनंतर रांगेतच एक तास जातो. आणि नुसता वेग बघू नका, तो सगळ्यांनाच येतो. अगदी हळू चालवून बघा, यू-टर्न घ्या, चढावर थांबून परत निघा, एका हाताने सिग्नल देऊन बघा हँडल थरथरतं का. कार्गो बाइक रिकामी चालवून काहीच कळत नाही, पुढे वजन ठेवायला सांगा, नसेल तर सोबतच्या माणसाला बसवा (परवानगी विचारून!). फोल्डिंग गाडी स्वतःच्या हाताने घडी करा आणि उचलून वीस पावलं चाला, डेमो देणाऱ्याने तीच घडी दिवसातून दोनशे वेळा केलेली असते त्यामुळे त्याच्याकडे बघून ती फारच सोपी वाटते.

विमानाने जाणार असाल तर एक छोटी गोष्ट, सॅम्पल म्हणून स्कूटर किंवा तिची बॅटरी बॅगेत आणायचा विचार करू नका. प्रवाशाला सुट्या लिथियम बॅटरीची साधारण मर्यादा १०० वॅट-अवर, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते, आणि त्यापुढची चालतच नाही. वरचं ४८० चं गणित आठवा. पॉवर बँक मात्र हवीच, २०,००० एमएएचची ७४ वॅट-अवर होते, ती केबिन बॅगेत चालते.

नोकरी शोधणाऱ्यांसाठी, पहिल्या दिवशी सीव्ही वाटत फिरू नका, त्या दिवशी सगळे ग्राहकांच्या मागे असतात. शेवटच्या दिवशी दुपारी स्टॉलवाले कंटाळलेले असतात आणि मनमोकळं बोलतात. आणि जाताना त्यांच्याच गाडीबद्दलचा एक नेमका प्रश्न घेऊन जा, माझी दुसरी नोकरी बीएमएसच्या (बॅटरी सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या) एका प्रश्नावरून सुरू झालेल्या गप्पांतून मिळाली, सीव्ही त्यांनी नंतर मेलवर मागितला.

मीटिंगच्या वेळा दोन-तीन आठवडे आधी मेल करून घ्या, पण दिवसाला चारपेक्षा जास्त नको, एक लांबली की सगळ्या कोसळतात. स्टॉल सोडला की लगेच कार्डाच्या मागे तीन शब्द लिहा, ‘रेंज खरी, स्पेअर नाही’ असं काहीतरी. रात्री खोलीवर आठवेल असं वाटतं, पण रात्री सगळ्या स्कूटर काळ्याच आठवतात. दुसऱ्या शोहून मी एकच पिशवी आणली, त्यात सहा डेटाशीट होत्या, प्रत्येकीवर माझ्या पेनाने खोडलेला रेंजचा आकडा आणि बाजूला मला पटलेला, आणि सोमवारी मॅनेजरच्या टेबलावर त्या तशाच ठेवल्या.