सिनेमातला एक शॉट कसा वाचावा?

कोल्हापुरात मिसळीच्या टेबलावरसुद्धा सिनेमाची चर्चा रंगते, पण ती गोष्ट, गाणी आणि डायलॉग यांवरच. कॅमेरा कुठे लावला होता, हे क्वचितच कुणी बोलतं. ते शिकायला अख्खा सिनेमा लागत नाही, एक शॉट पुरतो.

१. शॉट थांबवा, आवाज बंद करा. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्या या शाळकरी मुलाच्या घरची माणसं बांधलेलं डुक्कर घेऊन जातात आणि मागे शाळेच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई यांची चित्रं दिसतात. पुढे काय आहे, मागे काय आहे, एवढंच बघा. माणसं एका शॉटमध्ये आणि भिंत दुसऱ्यात दाखवली असती, तर दिग्दर्शक बोट दाखवून शिकवतोय असं वाटलं असतं. इथे दोन्ही एकाच फ्रेममध्ये आहेत, त्यामुळे सांगड आपली आपणच घालतो आणि ती जास्त बोचते.

२. कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे? त्याच सिनेमाच्या शेवटी जब्याने चिडवणाऱ्यांवर भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. म्हणजे चिडवणाऱ्यांच्या घोळक्यात आपणही आहोत.

३. माणूस नसलेले शॉट सोडू नका. बाबूराव पेंटर यांनी इथेच, कोल्हापुरात, ‘सावकारी पाश’ (१९२५) केला. त्यात कर्जापायी जमीन गमावणाऱ्या तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. पुढे १९३६ मध्ये पेंटर यांनीच त्याचा बोलपट केला. निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांच्या मनात या बोलपटातली अंधारलेली झोपडी आणि कुत्र्याचं रडणं घर करून राहिलं. कुत्रं रडणं म्हणजे अशुभ, हे आपल्याकडच्या प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही.

४. आता स्वतः करून बघा. कपिलतीर्थ मंडईत एखाद्या भाजीवाल्या मावशींना विचारून मोबाइलवर दोन शॉट घ्या. पहिला गिऱ्हाईक म्हणून उभं राहून: डोक्यावरचा पदर, भाजीचे ढीग, वर आलेला हात. दुसरा त्यांच्या शेजारी बसून: आता मावशींचा चेहरा पूर्ण दिसेल आणि गिऱ्हाइकांचे नुसते पाय, पिशव्या. बाई तीच, व्यवहारही तोच.

‘खालून घेतलं की माणूस मोठा दिसतो’ हे सूत्र सगळे घोकतात. तालमीतल्या पैलवानाला ते लागू पडेल. मंडईत मात्र कॅमेरा खाली नेऊन मावशी मोठ्या होत नाहीत, फक्त बरोबरीला येतात. माझ्या मते हे जास्त मोलाचं.

सौदा संपला तरी रेकॉर्डिंग लगेच थांबवू नका, आणखी दहा सेकंद चालू ठेवा. घासाघीस करून गिऱ्हाईक गेल्यावर चेहऱ्यावर जे उमटतं, ते बोलणं चालू असताना दिसत नाही.

दोन्ही शॉट घरात कुणाला तरी आवाज बंद करून दाखवा आणि एवढंच विचारा: ‘इथं कुणाचं चालतंय?’ दोन्हींना एकच उत्तर आलं, तर दुसरा शॉट आणखी खाली बसून पुन्हा घ्या.