पाण्याच्या देखाव्यात पडदा कुठे लावावा, हलता पुतळा कुठे उभा करावा

आषाढ लागला की मंडळांच्या बैठकांत एक वाद हमखास निघतो: यंदा एलईडीची भिंत भाड्याने आणायची की हलते पुतळे करायचे? विषय पाण्याचा असेल, म्हणजे कालियामर्दन, गंगावतरण, समुद्रमंथन, तर वाद रात्री उशिरापर्यंत चालतो. लाटा पडद्यावर झकास दिसतात आणि वासुकीचा मात्र तिथे दरारा उरत नाही. मी परळला राहते आणि देखाव्यांच्या पोटातली यंत्रं बसवते. माझं मत आधीच सांगते. ज्याला हात लावावासा वाटतो ते सगळं अंगानिशी उभं करा, आणि जिथे हात कधी पोचणारच नाही ते पडद्याला द्या. आभाळ, क्षितिज, वादळ पडद्याचं. फणा, दोर ओढणारे दंड, चेहरे पुतळ्यांचे. खाली समुद्रमंथनाचंच उदाहरण धरून सांगते.

सगळ्यात आधी रांग ठरवा. लोक चालता चालता बघणार की गटागटाने थांबून? मंडपातली रांग ही होडीसारखीच वागते, म्हणून थीम पार्कच्या जलसफरींकडून इथे खूप शिकता येतं. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये समुद्री चाच्यांची जलसफर १९६७ साली सुरू झाली. तिथे होड्या एकामागून एक वाहत राहतात, त्यामुळे पुतळ्यांना छोट्या, पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली दिलेल्या आहेत. होडी केव्हाही पोचो, प्रसंग अर्धवट वाटत नाही. शांघायच्या डिस्नेलँडमध्ये २०१६ साली चाच्यांची नवी सफर उघडली, तिच्यात प्रचंड पडदे आहेत. पडद्यावरच्या प्रसंगाला सुरुवात आणि शेवट असतो, त्यासाठी होडी नेमक्या वेळी नेमक्या जागी हवी. तिथे चुंबकीय यंत्रणेने होडी पुढे नेतात, फिरवतात, उलटीसुद्धा नेतात. तुमच्या रांगेवर असा ताबा असेल, म्हणजे शंभरेक माणसं आत घेऊन दारं लावता येत असतील, तरच पडद्यावर गोष्ट सांगा. रांग अखंड चालणार असेल तर पडद्यावर फक्त हवामान ठेवा. सहा मिनिटांच्या फिल्ममधला अर्ध्या मिनिटाचा तुकडा बघून पुढे सरकलेल्या आजींना काय कळणार?

चालत्या माणसासमोर पडद्याची दुसरी अडचण म्हणजे सपाट चित्रातली खोली एकाच जागेवरून बरोबर दिसते. चार पावलं बाजूला गेलात की मंदार पर्वत तिरका वाटायला लागतो. पुतळा कुठूनही पुतळाच दिसतो, आणि रांग पुढे सरकते तसा पुढचा दानव मागच्याला झाकतो, मग तो पुन्हा उघडा होतो. एवढ्यानेच डोळ्याला ते दृश्य खरं वाटतं.

पडदा लावायचाच असेल तर त्याच्या चौकटीला कारण द्या. युनिव्हर्सल स्टुडिओज हॉलिवूडमधली डायनोसोरांची जलसफर १९९६ सालची. २०१९ साली तिला नवं रूप देताना सुरुवातीला पडदे आणले, पण मत्स्यालयाच्या काचा म्हणून. काच चौकोनीच असते, त्यामुळे पडद्याचा चौकोन खुपत नाही. शेवटच्या उडीआधी मात्र समोर येतं ते अंगाने उभं जनावर. तुमच्याकडे मत्स्यालय नाही, पण गुहेचं तोंड आहे, दोन कड्यांमधली फट आहे. पडद्याच्या चारही कडा खडकाच्या कटआउटमागे घाला, खालची कड लाटांच्या दोन-तीन ओळींमागे. थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पुठ्ठा, प्लाय आणि कागदाच्या लगद्यात खडक उत्तम होतात.

पॅनल भाड्याने घेताना पिक्सेल पिच, म्हणजे दोन ठिपक्यांमधलं अंतर, विचारा. साधा हिशोब असा: जितके मिलिमीटर पिच, निदान तितके मीटर अंतर. पी४ म्हटलं तर जवळचा माणूस चार मीटरवर हवा, नाहीतर ठिपके मोजता येतात. आणि ब्राइटनेस खाली आणायला लावा. ऑपरेटर नाराज होईल, तरी आणायला लावा. अंधाऱ्या मंडपात पूर्ण उजेडाची भिंत पुढच्या सगळ्या पुतळ्यांच्या काळ्या सावल्या करून टाकते.

समोर पाण्याची टाकी असेल तर ती पडद्याची चहाडी करते. पडद्याचा चौकोन पाण्यात उलटा पडतो आणि समुद्र दुकानाच्या बोर्डासारखा चमकतो. पडदा मागे न्या, मधे पुतळे आणा, म्हणजे पाण्यात पुतळ्यांचं प्रतिबिंब पडेल. टाकी खोल लागत नाही. तळ काळा रंगवलात तर १५ सेंटिमीटर पाणीही अथांग दिसतं. मात्र वजनाचा विचार करा: चार मीटर बाय तीन मीटरच्या टाकीत १५ सेंटिमीटर पाणी म्हणजे १,८०० लिटर, म्हणजेच १,८०० किलो. ती जमिनीवरच बसवा, लाकडी स्टेजवर कधीही नको. पाणी खेळतं ठेवा आणि आठवड्याच्या आत बदला. साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

आता पुतळ्यांकडे वळते, कारण माझा जीव तिथे आहे. डिस्नेने १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लिंकनचा खुर्चीतून उठून बोलणारा पुतळा उभा केला, तो तेलाच्या दाबावर चालायचा. आपल्याला तेल नको, गळतं. गाडीची वायपर मोटर घ्या. १२ व्होल्टवर चालते, ताकद भरपूर, आणि आतल्या वर्म गिअरमुळे वीज गेली तरी उचललेला हात धाडकन खाली येत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांत मिळते. बेअरिंग आणि बुश नागदेवी स्ट्रीटला, वायर आणि एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) लोहार चाळीत, टायमर आणि रिले (इशारा मिळाला की चालू-बंद होणारा स्विच) लॅमिंग्टन रोडला. प्रत्येक जागी लागणाऱ्या मोटरपेक्षा एक जास्त घ्या. दहा दिवस सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत चालायचंय तिला. टायमर लावून मधे मधे विश्रांती द्या, कारण ती सलग चालली की तापते.

बारा देव-दानवांना बारा मोटरी लावू नका. स्टेजखाली एक लांब शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, टाका आणि प्रत्येक पुतळ्याखाली त्यावर एक क्रँक, म्हणजे रॉड पुढेमागे ढकलणारा आडवा हात, बसवा. क्रँकचा हात ५ सेंटिमीटर ठेवलात तर रॉड १० सेंटिमीटर पुढेमागे होतो, खांद्याला तेवढं पुष्कळ. आता खरी मेख ऐका: सगळे क्रँक एकाच दिशेला बसवले तर सहाही दानव एका ठोक्याला डोलतात आणि कवायत वाटते. प्रत्येक क्रँक शेजारच्यापेक्षा वीस-पंचवीस अंश पुढे फिरवून घट्ट करा. मग ओढ एका दंडातून दुसऱ्यात जाते, आणि वासुकीच्या अंगातून ती लाट पळताना दिसते. देवांची बाजू याच्या उलट फिरवा. हाताला कोपरामागे वजन देऊन तोल साधा, मोटर निम्म्या कष्टात चालेल.

वासुकीला फार हलवू नका. त्याला श्वास द्या. फण्याखाली फासळ्यांसारख्या पट्ट्या, वर लवचीक कातडी, आत एक कॅम, म्हणजे फिरताना पट्ट्या वर उचलणारं अंडाकृती चाक. वायपर मोटर हळू वेगालाही मिनिटाला चाळीसच्या वर फिरते, म्हणून चेनचक्र लावून वेग पाचपट कमी करा. मिनिटाला आठ-नऊ श्वास पडतात. मुलं तिथेच थबकतात, मी हे दर वर्षी डोळे भरून बघते. वासुकीचं तोंड दानवांकडे होतं, तेव्हा रांग दानवांच्या बाजूने आत घ्या. हलाहलासाठी २४ व्होल्टचं अल्ट्रासोनिक मिस्ट यंत्र वापरा. तेलकट धुराने बंद मंडपात लहान मुलं खोकतात.

चेहऱ्यावर प्रोजेक्टर मारायचा मोह होईल. डिस्नेच्या फ्लोरिडातल्या एप्कॉट पार्कमध्ये २०१६ साली एका होडीसफरीत बाहुल्यांच्या चेहऱ्यांत आतून प्रोजेक्शन केलं होतं. चेहरे बाकीच्या अंगापेक्षा उजळ दिसायचे. त्याच गोष्टीवरची सफर हाँगकाँगला २०२३ साली उघडली, तेव्हा खरे हलणारे चेहरे दिले. आपल्या शंकराला नुसत्या पापण्या आणि किंचित झुकणारी मान द्या. हलाहल प्यायल्यावर पापण्या मिटतात, तेवढं बास.

पडदा आणि पुतळे एकाच जगातले वाटावेत यासाठी एक युक्ती आहे, तिच्याशिवाय देखावा सुरू करूच नका. पडद्यावर वीज चमकली की त्याच क्षणी, त्याच बाजूने, त्याच रंगाचा खरा दिवा पुतळ्यांवर पडला पाहिजे. महागडी यंत्रणा नसेल तर स्टिरिओ फाइलच्या डाव्या चॅनेलवर आवाज ठेवा आणि उजव्यावर नुसते टोले. ते टोले स्पीकरला न देता रिलेला द्या. वीज आणि दिवा कधीच फारकत घेत नाहीत.

विजेबद्दल कुणाचंही ऐकून तडजोड करू नका. टाकीच्या आसपास २४ व्होल्टच्या वर काहीही नको; कूलरचा २३० व्होल्टचा पंप तर नकोच, १२ व्होल्टचा बिल्ज पंप (होडीतलं पाणी उपसायचा) मिळतो. मेन लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), पक्की अर्थिंग, आणि रोज सकाळी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघणारा एक नेमलेला माणूस. छप्पर गळणार हे धरूनच चाला: पॅनल आयपी६५चे, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न येऊ देणारे, मागवा आणि पॉवर सप्लाय जमिनीपासून निदान दोन फूट उंच टांगा.

देखावा लावण्याआधी कार्यकर्त्यांना एकदा खोपोलीच्या इमॅजिकाला न्या. तिथली राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर करा (राजासॉरस हा डायनोसोर आपल्याच नर्मदेच्या खोऱ्यातला, २००३ साली त्याचं नामकरण झालं). भिजायची मजा घ्या, पण दुसऱ्या फेरीत एकाने फक्त घड्याळ बघावं: प्रत्येक जनावर किती सेकंद दिसलं, मागे वळून कुणी बघितलं का. तेच घड्याळ घेऊन आपल्या मंडपात रांगेच्या चालीने चालून बघा आणि त्या सेकंदांवरून हालचालींचा वेग बांधा.

विसर्जनानंतर दुसऱ्याच दिवशी मोटरी काढा. घाई एवढ्यासाठी की ओलसर गोदामात क्रँक दिवाळीपर्यंत गंजतात. बुश पुसा, ग्रीस भरा, प्रत्येक रॉडला पुतळ्याचं नाव आणि क्रँकचा अंश लिहिलेली चिठ्ठी बांधा. सुती कपडे उतरवून वाळवा, कातडीला टाल्कम पावडर लावा, आणि वासुकीचा फणा उभाच ठेवा. आडवा ठेवलात तर फासळ्या वाकतात.