तैलरंगाचे थर कसे चढवावेत आणि सुकू द्यावेत

जलरंगातले पाणी उडून जाते आणि रंग सुकतो. तैलरंगातले जवसाचे तेल मात्र उडून जात नाही; ते हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. म्हणून वरचा थर खालच्या थराआधी सुकला, तर खालचा हलत राहतो आणि वर भेगा पडतात. सगळी पथ्ये यातूनच येतात.

पहिला थर प्रायमर (रंगाआधीचे अस्तर) लावलेल्या कॅनव्हासवर बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाने, तेल न मिसळता, थोड्या टर्पेंटाइनने पातळ करून द्यावा आणि त्यातच छायाप्रकाशाची मांडणी करून घ्यावी. अंबरमधल्या मँगनीजमुळे तो बहुधा एक-दोन दिवसांत हाताला सुकतो. टर्पेंटाइन फार झाले, तर रंग धरून ठेवायला तेलच उरत नाही आणि बोटाला पूड लागते.

दुसऱ्या थरात ट्यूबमधला रंग जसाच्या तसा वापरावा. पुढच्या प्रत्येक थरात तेलाचे प्रमाण किंचित वाढवावे. किंचितच, कारण जास्त तेलाने पृष्ठभागावर सुरकुत्या येतात आणि रंग पिवळा पडतो. आयव्हरी ब्लॅक फार सावकाश सुकतो. मी एकदा त्याच्या जाड पार्श्वभूमीवर आठवड्याभरातच टर्पेंटाइनने पातळ केलेला पांढरा चढवला आणि काही महिन्यांत तिथे वाळलेल्या तळ्यासारख्या भेगा उमटल्या.

थर सुकला का, हे बोट लावून पुरते कळत नाही. रंग सर्वांत जाड असेल तिथे, कडेला, नख हलकेच दाबून पाहावे. खूण उठली तर थांबावे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, हा काळ लांबतो. घाईने चित्र कपाटात ठेवू नये, कारण अंधारात तेल पिवळे पडते. उजेडाच्या, हवेशीर खोलीत भिंतीला टेकवून ठेवणे बरे.

पारदर्शक थर, म्हणजे ग्लेझ, सर्वांत शेवटी. उदाहरणार्थ, चित्रातल्या लाल लुगड्याच्या चुण्या आधी फिकट लालसर करड्या रंगात पूर्ण कराव्यात. त्या सुकल्यावर अलिझरिन क्रिमसन या गडद लाल, पारदर्शक रंगात तेलाचे थोडे माध्यम मिसळून मऊ ब्रशने पातळ पसरवावे आणि उजेडाच्या बाजूचा रंग कापडाने टिपून घ्यावा. खोलगट भागात तो साचतो आणि लुगड्याला वजन येते. अपारदर्शक रंगाला हे सहसा साधत नाही.

अंतिम व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने द्यावे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावीत.