केटलबेल स्विंग: बैठक मारू नका, खुब्यातून वाका

केटलबेल म्हणजे वर धरायला मूठ असलेला लोखंडी गोळा. तिचे व्यायाम पुष्कळ आहेत. पण घरी एकट्याने शिकणाऱ्याने दोन हातांच्या स्विंगपासून, म्हणजे ती दोन्ही हातांनी धरून मांड्यांमधून छातीपर्यंत झुलवण्यापासून, सुरुवात करावी आणि तो जमेपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. स्लिप डिस्क, हर्निया, वाढलेला रक्तदाब किंवा नुकतंच झालेलं बाळंतपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वजन कोणतं घ्यावं

केटलबेल मूळची रशियाची. तिथे ती बाजारात धान्य तोलायला वापरत. ‘पूड’ हे तिथलं जुनं माप १६.३८ किलोचं, म्हणून १६, २४, ३२ हे टप्पे आजही चालत आले आहेत. निरोगी पुरुषाने १६ किलोपासून, बाईने ८ किंवा १२ किलोपासून सुरुवात करावी. ‘आधी चार किलोची घ्या, मग बघू’ हा सल्ला मुळीच ऐकू नका. इतकं हलकं वजन नुसत्या हातांनी वर जातं, आणि स्विंग हातांनी मारायची सवय एकदा लागली की मोडता मोडत नाही. केटलबेल ओतीव लोखंडाची घ्या. प्लास्टिकच्या कवचात सिमेंट भरलेली आकाराने फुगीर असते, मांड्यांमधून नीट जात नाही.

पायात सपाट तळव्याचे बूट हवेत, नाहीतर अनवाणी करा. धावण्याचे मऊ बूट नकोत. घाम पुसायला पंचा जवळ ठेवा, तो पुढेही लागणार आहे. समोर माणूस, टीव्ही किंवा काच नको.

खुब्यातून वाकणं

सगळी गोम इथे आहे.

आपल्याकडे व्यायाम म्हटलं की जोर आणि बैठका. त्यामुळे कुणी ‘खाली जा’ म्हटलं की आपले गुडघे आपोआप पुढे येतात आणि आपण बसतो. स्विंगमध्ये बसायचं नसतं. गुडघे थोडेसे सैल, नडग्या जवळजवळ उभ्या, आणि कुल्ले सरळ मागे. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना मागचं दार आपण कुल्ल्यांनी ढकलतो, तीच हालचाल.

मी पहिले पाच महिने स्विंगच्या नावाखाली बैठकाच मारल्या. जिममध्ये शिकवणारा ‘अजून खाली बसा’ म्हणायचा आणि मी बसायचो. सकाळी अंथरुणातून उठताना कमरेत कळ यायची. ती व्यायामाची कळ आहे, असं मला सांगण्यात आलं. ते खोटं होतं. चांगला स्विंग मारल्यावर दुसऱ्या दिवशी कुल्ले आणि मांड्यांचा मागचा भाग दुखतो. कंबर दुखली तर काहीतरी चुकलंय, आणि त्या दिवशी थांबायचं.

मला भिंतीने शिकवलं. भिंतीकडे पाठ करून, टाचा वीतभर पुढे ठेवून उभे राहा. दोन्ही तळव्यांच्या कडा जांघेच्या घडीत रोवा आणि कुल्ले मागे नेत भिंतीला टेकवा. जमलं की पाऊल दोन इंच पुढे, पुन्हा तेच. मांड्यांच्या मागे ताण जाणवला की तुमची मर्यादा आली. त्यापुढे जाल तर पाठीला बाक येईल. पाठ सरळ राहते की नाही हे पाहायला झाडूचा लांब दांडा पाठीवर उभा धरा: डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी तो टेकलेला राहिला पाहिजे. एक जागा सुटली तरी पुन्हा करा. आठवडाभर रोज पन्नास वेळा करा, केटलबेलला न शिवता. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय मला सापडलेला नाही.

झोका

केटलबेल पावलांच्या फूटभर पुढे ठेवा. खुब्यातून वाकून मूठ धरा, खांदे कानांपासून दूर खेचा आणि ती मांड्यांमधून जोरात मागे फेका. मग कुल्ले आवळून ताठ उभे राहा, श्वास झटक्यात सोडा. हात म्हणजे नुसते दोर. केटलबेल छातीच्या उंचीपर्यंत आपोआप तरंगते. डोक्यावर नेण्याची काही गरज नाही. वर आल्यावर मागे रेलू नका, पोट घट्ट ठेवा.

खाली येताना घाई नडते. केटलबेल खाली निघाली की बहुतेक जण तिच्याबरोबरच वाकतात. मग ती गुडघ्यांच्या खाली जाते आणि तिचा सगळा ओढा कमरेवर येतो. वाट पाहा. ताठ उभे राहा, हात जवळजवळ पोटाला लागू द्या, आणि त्या क्षणी कुल्ले मागे न्या. मनगटं मांड्यांच्या अगदी वरच्या भागाला घासून गेली पाहिजेत. बाजूने मोबाइलवर चित्रण करा. आरसा नको, कारण त्यात पाहायला मान वर उचलली जाते.

आता पंचा. तो मुठीतून ओवून दोन्ही टोकं धरा आणि पाच झोके मारा. केटलबेल पंचाच्या रेषेतच राहिली तर जोर कुल्ल्यांचा आहे. ती खाली लोंबत असेल तर तुम्ही हातांनी ओढताय. पुन्हा भिंतीपाशी जा.

किती करावं

दहा झोके, मग पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येईल इतकी विश्रांती. सुरुवातीला असे पाच संच, पुढे दहा. आठवड्यातून तीन दिवस पुरे. शंभर झोके एकाच ढंगाने जमेपर्यंत वजन वाढवू नका. हाताला घट्टे पडले तर अंघोळीनंतर वजरीने हलके घासा, सोलू नका.

शेवटचा झोका संपला की वरून थेट खाली आपटू नका. तिला आणखी एकदा मांड्यांमधून मागे जाऊ द्या आणि पुढे येताना, पाठ सरळ ठेवूनच, जिथून उचलली तिथे टेकवा. दमल्यावर माणूस इथेच ढिला पडतो आणि एका बाजूला वळून वजन ठेवतो. माझी कंबर दुसऱ्यांदा धरली ती अशीच, दहाव्या संचानंतर, केटलबेल कोपऱ्यात सरकवताना.