बुद्ध्यांकाचा रिपोर्ट कसा वाचावा

रिपोर्टवरचा ठळक आकडा आधी हाताने झाका आणि चाचणीचं नाव, आवृत्ती शोधा. वेक्सलर या नेहमी वापरल्या जाणाऱ्या बुद्ध्यांक चाचण्यांत सरासरी 100 आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) 15 असतं. कॅटेल या दुसऱ्या चाचणीच्या मोजपट्टीवर तेच विचलन 24. त्यामुळे तिथले 148 आणि इथले 130 एकाच जागी येतात, शंभरातल्या साधारण 98 जणांच्या पुढे. चाचणीचं नावच नसेल तर तो कागद बाजूला ठेवलेला बरा.

बुद्ध्यांक काढायला मानसिक वयाला (मूल कोणत्या वयाच्या मुलांएवढं सोडवतं त्याला) खऱ्या वयाने भागायची कल्पना विल्यम स्टर्नची, 1912 सालची. आताच्या बहुतेक चाचण्यांत तसा भागाकार करत नाहीत. समवयस्कांच्या रांगेत तुम्ही कुठे उभे आहात, एवढंच हा आकडा सांगतो. म्हणून 140 वाला 70 वाल्याच्या दुप्पट हुशार ठरत नाही.

मग आकड्याशेजारचा पल्ला पाहा. 106 असेल तर 95 टक्के खात्रीने साधारण 100 ते 112. एकाला 106 आणि भावंडाला 109 मिळाले, यावरून घरात तुलना करू नका. तो फरक मोजमापातल्या चुकीएवढाच आहे.

खरा मजकूर असतो उपगुणांत. समजा शाब्दिक आकलन 124, तर्क 120, पण प्रक्रियेचा वेग 82. इथे एकूण आकडा फसवा: तो मुलाचं बलस्थानही दाखवत नाही आणि अडचणही. वेगाच्या एका चाचणीत दोन मिनिटांत आकड्यांखाली ठरलेली चिन्हं पेन्सिलीने भरायची असतात. ज्याचं अक्षर संथ, किंवा जो प्रत्येक चिन्ह घोटून काढतो, त्याचे गुण तिथेच जातात; विचार मंद असेलच असं नाही. अशा वेळी वेग आणि कार्यकारी स्मृती (माहिती थोडा वेळ मनात धरून वापरणं) वगळून काढलेला सामान्य क्षमता निर्देशांक मागून घ्या.

चाचणीच्या दिवशी ताप होता का, चष्मा घातला होता का, सूचना मुलाच्या भाषेत होत्या का, हेही विचारा. थोड्या महिन्यांत तीच चाचणी पुन्हा दिली तर सरावानेच गुण वाढतात. मानकं, म्हणजे ज्यांच्याशी तुलना होते त्या समवयस्कांचे गुण, जुनी असली तरी आकडा फुगतो: विसाव्या शतकात बऱ्याच देशांत लोकांच्या सरासरीत दर दशकाला सुमारे 3 गुणांची वाढ दिसली.

शाळेतल्या गुणांशी बुद्ध्यांकाचा सहसंबंध 0.5 च्या आसपास (0 म्हणजे संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण जुळणी). म्हणजे मुलामुलांच्या गुणांत जो फरक पडतो, त्यातला जेमतेम पाव हिस्सा त्यातून कळतो. बाकी चिकाटी, शिकवणी, घरचं वातावरण वगैरे. कल्पकता आणि व्यवहारज्ञान तर चाचणी फारसं मोजत नाही.

आकडा 70 खाली आला तरी तेवढ्यावर बौद्धिक अक्षमतेचं निदान होत नाही. कपडे घालणं, पैसे मोजणं, निरोप पोचवणं अशी रोजची कामं मूल कितपत करतं, हे वेगळं तपासावंच लागतं. रिपोर्टमध्ये तो भाग नसेल तर तपासणी अर्धीच झाली आहे.