कॅमेरा घ्यायचाय? आधी पंचांग उघडा

तयारीची सुरुवात वहीच्या एका पानाने करा. गणपतीच्या आसपास, म्हणजे सेलचा गलका सुरू व्हायच्या आधी, हव्या असलेल्या वस्तूचं नाव, आजचा भाव आणि तारीख लिहून ठेवा. दुकानातला भाव एका रकान्यात, ऑनलाइनचा दुसऱ्यात, आणि दर आठवड्याला नवी ओळ. 'कीपा'सारखी साधनं ॲमेझॉनवरच्या भावाचा आलेखच काढून देतात, तीही वापरा; पण दुकानदारासमोर वही उघडली की बोलणं जरा सरळ होतं, असा माझा अनुभव आहे. 'चाळीस टक्के सूट' लिहिलेली असते ती छापील एमआरपीवर, आणि एमआरपीला कॅमेरा वर्षभर कोणी विकत नसतो. तुमची सूट म्हणजे वहीतल्या भावात आणि बिलावरच्या आकड्यात पडलेला फरक. तो दोन हजार असेल तर दोन हजार, जाहिरात काहीही म्हणो.

नाव मात्र पूर्ण लिहायचं, शेवटच्या अक्षरापर्यंत. मी एकदा 'निकॉन 50 एमएम, एफ 1.8' एवढंच डोक्यात ठेवून गेलो होतो आणि निम्म्याहून कमी भावात मिळतेय म्हणून खुशीत घेऊन आलो. घरी माझ्या डी 5300 कॅमेऱ्याला लावली, तर फोकस जागचा हलेना. लेन्स 'डी' जातीची होती. तिच्यात मोटर नसते, बॉडीतली (म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यातली) मोटर स्क्रूने तिला फिरवते, आणि डी 3000 आणि डी 5000 च्या मालिकेत निकॉनने ती मोटर दिलेलीच नाही. मला हवी होती 'जी', जिच्यात मोटर आतच असते. पुतण्याच्या बारशाचे सगळे फोटो हाताने फोकस करून काढले, त्यातले निम्मे धुरकट. पुढे मिररलेस (आत आरसा नसलेला नवा कॅमेरा) घेतल्यावर आशा होती, पण निकॉनच्या जुन्या एफ माउंटची लेन्स नव्या झेड माउंटवर बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही तो स्क्रू नाही. तेव्हा माउंटही लिहा, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे बसते ती जोडणी. कॅननचा ईएफ माउंट 1987 चा, आरएफ 2018 चा. ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आरएफ बॉडीवर छान चालते, उलटं चालत नाही. सध्या डीएसएलआर, म्हणजे आरशाचे जुने कॅमेरे, सोडून मिररलेसकडे जाणाऱ्यांची रांग लागली आहे, त्यामुळे ईएफ आणि निकॉन एफच्या चांगल्या लेन्स जुन्या बाजारात स्वस्तात दिसतात. हा फायदा घ्यायचा असेल तर आपल्या बॉडीला काय चालतं ते आधी पाठ हवं.

आता कधी घ्यायचं. सगळे सेलच्या तारखा बघतात, मी लग्नाचे मुहूर्त बघतो. आपल्याकडे कॅमेऱ्याचा बाजार लग्नांवर चालतो. आषाढी एकादशीला चातुर्मास बसला की मुहूर्त आटतात (हल्ली आपत्कालीन मुहूर्त काढून देतात, तरी गर्दी ओसरतेच), आणि पुन्हा उघडतात ते कार्तिकात, तुळशीचं लग्न लागल्यावर. मे-जूनमध्ये हंगाम संपवून हातात पैसे आलेला फोटोग्राफर नव्या मॉडेलचा विचार करतो आणि जुनं काढायला लागतो. ज्याचा हंगाम वाईट गेला, तोही काढतो. म्हणून सेकंडहँड माल आषाढ-श्रावणात शोधायचा. तेव्हा घेणारे कमी असतात आणि विकणाऱ्याला पावसाळ्यात लेन्स कपाटात पडून राहिल्या की बुरशीचा धाकही असतो. तुळशीच्या लग्नाच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र सेकंडहँड घ्यायला जाऊ नका. ज्याला पुढच्या आठवड्यात ऑर्डर आहे, तो सांगेल त्या भावाला घेतो, आणि तुम्हालाही तोच भाव सांगितला जातो.

नव्या मालाचं वेळापत्रक निराळं. पितृपक्षात खरेदी थंड असते आणि घटस्थापनेपासून कंपन्या, दुकानं, संकेतस्थळं सगळी एकदम जागी होतात. 2025 मध्ये घटस्थापना 22 सप्टेंबरला होती आणि ॲमेझॉन, फ्लिपकार्ट दोघांचे मोठे सेल 23 ला सुरू झाले. जुलैतला प्राइम डे आणि जानेवारीतला प्रजासत्ताक दिनाचा सेल हे त्याखालचे. त्या सप्टेंबरात 'जीएसटी कमी झाला, आता कॅमेरे उतरणार' म्हणून थांबलेले दोन मित्र मला माहीत आहेत. मोठ्या टीव्हीवरचा आणि एसीवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला, हे खरं. पण डिजिटल कॅमेऱ्यावरचा कर जानेवारी 2019 पासूनच 18 टक्के आहे. दोघं उगाच महिनाभर थांबले.

या सगळ्यापेक्षा मोठी घसरण नवं मॉडेल आल्यावर होते. सोनीचा ए 7 थ्री 2018 चा, ए 7 फोर 2021 च्या अखेरीचा. निकॉनचा झेड 6 टू 2020 चा, झेड 6 थ्री 2024 चा. पुढचा आला की आधीचा नवाही उतरतो आणि सेकंडहँड तर ढिगाने येतो. लग्नाच्या अल्बमसाठी मागच्या पिढीची बॉडी पुरून उरते. वाचलेले पैसे लेन्समध्ये घाला.

कुठे घ्यायचं ते नवं हवं की जुनं, आणि बिल लागतं की नाही, यावर ठरवा. मुंबईत सीएसएमटीहून बाहेर पडलं की पाच मिनिटांवर फोर्टातला बोरा बाजार, कॅमेऱ्यांच्या दुकानांचा. तिथे भाव विचारला की उत्तराआधी प्रश्न येतो, 'बिल का चाहिए या बगैर बिल?' दोन भावांत फरक बराच असतो आणि मोह होतो. बगैर बिलाचा पीस बहुतेकदा बाहेरून परस्पर आलेला असतो, कंपनीची भारतातली वॉरंटी त्याला नसते. खोक्यावरचं छोटं पांढरं स्टिकर शोधा: आयात करणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी त्यावर असायलाच हवी, तसा वजनमापे खात्याचा नियमच आहे. स्टिकर नसेल तर पीस कुठून आला ते विचारायचीही गरज नाही. मी ट्रायपॉड, बॅगा, फ्लॅशचे ट्रिगर असल्या गोष्टी कुठूनही घेतो. बॉडी आणि महागडी लेन्स पक्क्या बिलावरच. तुमचा जीएसटी नंबर असेल तर बिलावर तो घालून घ्या, व्यवसायासाठीच्या खरेदीवरचा कर वळता करून घेता येतो. इतकी सूट कुठल्याच सेलमध्ये मिळत नाही, आणि तरी निम्मे स्टुडिओवाले ती सोडून देतात!

दुकानदार 'बॅग, कार्ड, ट्रायपॉड फ्री' म्हणाला तर ते सगळं काढून भाव सांगायला लावा. फुकटचे ट्रायपॉड माझ्याकडे तीन आहेत. एकावर आई कपडे वाळत घालते.

ऑनलाइन घेणार असाल तर बँकेच्या ऑफरची खालची बारीक ओळ आधी वाचा. 'दहा टक्के सूट' पुढे 'कमाल 1,500 रुपये' असं असेल, तर लाखाच्या कॅमेऱ्यावर ती दीड टक्का झाली. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये व्याज असतंच, ते सुरुवातीला भावातून वजा करून दाखवतात. त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते. विकणारा कोण आहे, कंपनीचा अधिकृत विक्रेता आहे का, आणि बिघडलं तर पैसे परत की फक्त बदली, एवढं बघून मगच बटण दाबा. खोकं फोडताना सीलपासून सीरियल नंबरपर्यंत एकसलग व्हिडिओ काढून ठेवा.

आत्याचा मुलगा अमेरिकेहून येणार असेल तर घरात लगेच 'त्यालाच सांग ना' सुरू होतं. नोव्हेंबरातल्या ब्लॅक फ्रायडेला तिकडे भाव उतरतात खरे, पण तिकडच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, तो बिल करताना वर चढतो. इथे विमानतळावर 2016 च्या बॅगेज नियमांत 50 हजारांपर्यंत माफी आणि त्यावरच्या रकमेला 38.5 टक्के शुल्क होतं. तो निघण्याआधी चालू आकडे कस्टम्सच्या संकेतस्थळावर बघून घ्या. लॅपटॉपला वेगळी सवलत असते, कॅमेऱ्याला नाही. शिवाय वॉरंटी तिकडची. ऐंशी हजारांच्या बॉडीसाठी नात्यात बोलणी खायची का, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

जुनं घेताना तपासणीला पुरता अर्धा तास मागून घ्या. लेन्स उजेडात नुसती धरून काही दिसत नाही. दोन्ही झाकणं काढा, मागच्या बाजूने टॉर्च तिरका मारा आणि पुढून आत बघा. धुळीचे चार कण चालतात, प्रत्येक लेन्समध्ये असतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे कडेपासून आत सरकलेले दिसले तर ती बुरशी, तिथेच नमस्कार करून उठायचं. कोकणातून, मुंबईतून आलेल्या मालात हे जास्त बघितलंय. निकॉनच्या जुन्या एफ माउंट लेन्सला मागे बारीकशी दांडी असते. ती बोटाने सरकवली की लेन्सचं छिद्र लहान-मोठं करणारी आतली पाती उघडतात आणि सोडली की टचकन मिटतात. मिटायला आळस केला तर पात्यांवर तेल उतरलंय.

बॉडीत आपलं कार्ड घाला. एफ 16 वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, मोकळ्या आभाळाचा एक फोटो घेतला की सेन्सरवरचे डाग काळ्या ठिपक्यांसारखे उठतात. झाकण लावून तीस सेकंदांचा एक घ्या, त्यात लाल-निळे तारे चमकले तर ते गरम पिक्सेल, म्हणजे सेन्सरवरचे बिघडलेले ठिपके. निकॉनच्या जेपीईजीत शटर किती वेळा पडलं तो आकडा लिहिलेला असतो, कॅननच्या बहुतेक फाइलींत तो नसतो. डी 750 चं शटर दीड लाख वेळा, डी 850 चं दोन लाख वेळा पडण्यासाठी तपासलेलं आहे, त्या मानाने भाव ठरवा. निकॉनच्या वरच्या बॉडींत मेनूमध्ये बॅटरीचं वयही दिसतं, 0 म्हणजे नवी, 4 म्हणजे बदला. खोकं, बॉडी आणि मूळ बिल, तिन्हींवरचा सीरियल नंबर एकच हवा. बिल 'घरी कुठेतरी आहे' असेल तर ते सापडल्यावर या म्हणावं.

ठरवलेल्या रकमेतले पाच-सहा हजार बाजूला ठेवूनच बाकीचा भाव करा. त्यात एक जादा बॅटरी, हवाबंद डबा, सिलिका जेल आणि चांगलं कार्ड येतं. कार्ड स्वस्तात कधीच घेऊ नका. 128 जीबी छापलेलं आणि आत आठच जीबी असलेलं कार्ड मी स्वतः हातात धरलंय, आणि ते कॅमेऱ्यात अगदी साळसूदपणे 128 दाखवत होतं. 'एच2टेस्टडब्ल्यू' किंवा 'एफ3' या फुकट प्रोग्रामने ते पूर्ण भरून वाचून बघा, मगच कामाला लावा. व्हिडिओ करणार असाल तर कार्डावर व्ही 30 बघा, म्हणजे सेकंदाला किमान 30 एमबी लिहिण्याची हमी.

जायच्या आदल्या रात्री पिशवीत टॉर्च, रिकामं कार्ड, कार्ड रीडर, चार्ज केलेली बॅटरी आणि ते वहीचं पान टाकून ठेवा. सकाळी दुकानं उघडल्या उघडल्या पोचा, दुपारनंतर तुमच्यासाठी अर्धा तास कोणी काढत नाही. आणि रविवार टाळा, फोर्टातली बहुतेक दुकानं बंद असतात.